नारू बघितलेल्या माणसाच्या नजरेतून जिमी कार्टर

प्रश्न असा आलाय: "जिमी कार्टर गेले तेव्हा सगळीकडे एकच वाक्य वाचलं, अध्यक्ष म्हणून फेल पण माजी अध्यक्ष म्हणून ग्रेट. हे कितपत खरं? आणि भारतातला नारू त्यांनी संपवला असा एक मेसेज फिरतोय, तो बरोबर आहे का? तुम्ही त्या काळात फील्डवर होता म्हणून विचारतोय."

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते एका शब्दात आहे. नाही. भारतातला नारू भारताने संपवला. पहिल्याचं उत्तर मात्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण अमेरिकेच्या अध्यक्षांवर बोलणारा. मी एमबीबीएस झालो आणि 1984 ला मराठवाड्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मेडिकल ऑफिसर म्हणून लागलो, पुढची सगळी नोकरी सार्वजनिक आरोग्यातच गेली, आता रिटायर होऊन आठ वर्षं झाली. अमेरिकेच्या राजकारणातलं माझं ज्ञान पेपर आणि पुस्तकं वाचण्यापुरतं आहे, पण नारूची वाट माझ्या पायाखालची आहे, आणि कार्टर नावाचा माणूस मला त्या वाटेवरूनच थोडाफार कळला असं मला वाटतं.

आता तिशीच्या आतल्या लोकांना नारू म्हणजे काय हेच माहीत नसतं, म्हणून थोडक्यात. हा एक जंत. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा असतो, डोळ्याला जेमतेम ठिपका दिसेल एवढा, त्याच्या पोटात नारूची पिल्लं असतात. ते पाणी न गाळता प्यायलं की किडा पोटात मरतो, पिल्लं सुटतात, आतड्याच्या भिंतीतून बाहेर पडून शरीरात फिरतात. वर्षभर काहीही कळत नाही. आणि मग एक दिवस पायाला फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या शेवईसारखी मादी डोकं काढते. लांबी जवळजवळ मीटरभर असू शकते. ओढून काढता येत नाही, तुटली तर पाय सुजून पू होतो, म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी काढायची, कधी आठवडाभर कधी महिनाभर. औषध नाही. लस नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही, एकाच माणसाच्या अंगातून एकाच वेळी तीन-चार नारू निघालेले मी बघितलेत. आणि गंमत म्हणावी का क्रूरपणा, पाय एवढा जळतो की माणूस गार पाण्यात बुडवायला धावतो आणि पाणी लागलं की मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडते. म्हणजे रोगानेच माणसाला विहिरीवर पाठवायचं अशी व्यवस्था.

आमच्याकडे ते पाणी म्हणजे बारव. पायऱ्या उतरून खाली जायचं, पाण्यात उभं राहून घागर भरायची. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की सगळं गाव त्याच डबक्यात पाय घालून उभं, आणि नारू बाहेर पडायचा हंगामही नेमका तोच. पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस खाटेवर. आफ्रिकेत मालीमधे डोगोन लोक याला रिकाम्या कणगीचा रोग म्हणतात असं मी नंतर वाचलं, वाचल्या वाचल्या पटलं.

भारत सरकारने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983-84 ला सुरू केला. दिल्लीची एनआयसीडी (संसर्गजन्य रोगांची राष्ट्रीय संस्था) त्याची मुख्य संस्था, सात राज्यांत रोग होता, महाराष्ट्र त्यातलं एक, सुरुवातीला देशात सुमारे 40 हजार रुग्ण सापडले. कार्टर सेंटरने, म्हणजे कार्टरांनी अध्यक्षपदानंतर अटलांटात काढलेल्या संस्थेने, नारूचं काम हातात घेतलं 1986 ला. तारखा बघा, आपण आधी. आणि त्यांनी सुरुवात केली ती पाकिस्तानपासून, तिथले लष्करशहा झिया उल हक यांना भेटून, मग आफ्रिका. भारतात शेवटचा रुग्ण सापडला जुलै 1996 ला, राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात, आणि फेब्रुवारी 2000 ला डब्ल्यूएचओने भारताला नारूमुक्त म्हणून सर्टिफिकेट दिलं. हे काम केलं आरोग्यसेवकांनी, पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर लोकांनी, हातपंप बसवणाऱ्यांनी, गाळणीचं कापड घरोघर वाटणाऱ्या बायकांनी. त्याचं श्रेय एका मेसेजने उचलून अटलांटाला नेऊन ठेवायचं काही कारण नाही. आणि जेवढं मी त्यांचं वाचलंय त्यावरून सांगतो, कार्टरांनीही ते घेतलं नसतं.

आता हे सगळं कशाला सांगितलं, तर त्या कामाचा स्वभाव कळावा म्हणून. पहिल्या वर्षी मजा असते. रुग्ण भरपूर, आकडे धडाधड खाली येतात, मीटिंगमधे टाळ्या पडतात. पुढे हत्ती जातो आणि शेपूट राहतं, आणि त्या शेपटाला हत्तीपेक्षा जास्त पैसा जास्त माणसं लागतात. तालुक्यात तीन गावं राहिली, मग एक वस्ती राहिली, मग एक म्हातारा, जो फोड आला की लपवून ठेवतो कारण त्याला वाटतं डॉक्टर कापणार. त्या एका म्हाताऱ्यासाठी आमचा आरोग्यसेवक दर पंधरवड्याला सायकलने अकरा किलोमीटर जायचा. वरच्या एका ऑफिसातून मला एकदा तोंडी सांगण्यात आलं होतं की अहो एकच केस आहे ना, मार्चएंडला शून्य लिहून टाका, पुढच्या वर्षी बघू. मी लिहिलं नाही, त्यात माझा काही मोठेपणा नाही, मला भीती होती की तोच म्हातारा बारवेत उतरला तर पुढच्या वर्षी तीस निघतील आणि तेव्हा शून्याचा कागद माझ्याच सहीचा असेल. निर्मूलन म्हणजे नेमकं हेच, की शेवटच्या एका केससाठी वेड्यासारखं मागे लागायचं, जेव्हा बाकी सगळ्यांचा इंटरेस्ट संपलेला असतो.

कार्टरांनी हे शेपूट 38 वर्षं धरून ठेवलं. 1986 ला जगात 21 देशांत वर्षाला अंदाजे 35 लाख लोकांना नारू होत होता. 2023 ला साऱ्या जगात 14 जणांना झाला. चौदा हजार नाही, चौदा. आता हे काम त्यांनी स्वतः पाण्यात औषध टाकून केलं नाही हे उघड आहे, डोनाल्ड हॉपकिन्स, विल्यम फेगी यांच्यासारखे देवीच्या मोहिमेत तयार झालेले डॉक्टर होते (फेगी तर 1970 च्या दशकात देवीसाठी भारतातच काम करत होते), आणि गावागावातले हजारो स्वयंसेवक होते. मग कार्टरांनी काय केलं? दार ठोठावलं. माजी अध्यक्षाला कुठल्याही राष्ट्रप्रमुखाची अपॉइंटमेंट मिळते, तेवढं एकच भांडवल त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी लेक्चरच्या फिया घेण्यात न घालवता आरोग्यमंत्र्यांना लाजवण्यात घालवलं. कंपन्यांकडून गाळणीचं कापड फुकट मिळवलं, पाण्यातले सायक्लॉप्स मारायचं टेमीफॉस फुकट मिळवलं. नायजेरियात तिथले माजी लष्करशहा याकुबू गोवोन यांना कामाला लावलं, मालीत जनरल तुरे यांना. म्हणजे आपल्यासारखेच रिकामे झालेले माजी लोक शोधून त्यांना नारूच्या मागे लावायचं. मला ही आयडिया फार आवडते, आपल्याकडच्या माजी लोकांनी कुठल्या एका रोगाचा असा ध्यास घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

1988 ला ते घानातल्या एका गावात गेले होते. तिथली एक हकिकत ते पुढे आयुष्यभर सांगायचे. एक तरुण बाई हाताने छातीशी काहीतरी धरून उभी होती, त्यांना वाटलं कडेवर बाळ आहे, म्हणून बोलायला जवळ गेले तर बाळ नव्हतं, तिचा स्तन सुजून एवढा झाला होता आणि त्यातून नारू बाहेर येत होता. ज्याने हे एकदा बघितलंय त्याला पुन्हा सांगायला लागत नाही. मी पायातून निघालेले शेकड्याने बघितले, जिभेखालून निघालेला एक बघितला, त्या रात्री जेवलो नाही.

आणि 1995 चं सुदान. तिथे यादवी पेटलेली, जगातले सगळ्यात जास्त रुग्ण त्या वेळी तिथे, पण बंदुकीच्या मधे गाळणी घेऊन जाणार कोण. कार्टर दोन्ही बाजूंना भेटले आणि नारूसाठी युद्धबंदी मागितली. मिळाली. जवळजवळ सहा महिने टिकली, त्या मुदतीत आरोग्य कार्यकर्त्यांना एरवी बंद असलेल्या भागांत जाता आलं, गाळण्या वाटल्या गेल्या, मुलांना लसी दिल्या गेल्या. युद्ध नंतर पुन्हा सुरू झालं हे खरं. पण एका जंतासाठी दोन सैन्यं थांबली ही गोष्ट आमच्या ट्रेनिंगमधे मी प्रत्येक बॅचला सांगायचो, पोरांची झोप उडायची.

2015 ला ऑगस्टमधे त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की कॅन्सर यकृतातून मेंदूत गेलाय. वय 90. कोणीतरी विचारलं आता काय व्हावंसं वाटतं, तर म्हणाले शेवटचा नारू माझ्या आधी मरावा. तो काही मेला नाही. चाडमधे 2012 पासून कुत्र्यांमधे नारू सापडायला लागला, कोणाच्या स्वप्नात नसलेली गोष्ट, आमची सगळी पुस्तकं सांगत होती की हा माणसाचाच रोग आहे. आता कुत्री बांधून ठेवा, माशांची आतडी पुरून टाका, असं सगळं नव्याने चालू आहे, डब्ल्यूएचओने मुदत 2030 केलीय. कार्टर 29 डिसेंबर 2024 ला गेले, पुरे 100 वर्षांचे होऊन. नारू अजून आहे.

आता अध्यक्षपदाकडे येतो. लोक म्हणतात दोन कार्टर होते, एक 1977 ते 1981 चा नालायक आणि एक नंतरचा संत. मला हे पटत नाही. माझ्या मते माणूस एकच होता, गुणही तेच आणि खोडही तीच, फक्त एका जागी ते चाललं नाही आणि दुसऱ्या जागी तेच कामाला आलं.

ते मूळचे नौदलातले, अणुपाणबुड्यांच्या कार्यक्रमात होते. 1952 ला कॅनडात चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली तेव्हा ती उघडायला गेलेल्या अमेरिकन टीमचे ते प्रमुख, वय 28. रेडिएशन एवढं की माणसाला आत फक्त दीड मिनिट थांबता येणार, म्हणून त्यांनी शेजारच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती मांडली आणि कोणी कुठला बोल्ट फिरवायचा याची तालीम केली, मग एकेक जण आत जाऊन आपले दोन बोल्ट काढून बाहेर. हा माणूस पुढे अध्यक्ष झाला आणि तिथेही सगळे बोल्ट स्वतः मोजायला बसला. व्हाइट हाउसचं टेनिस कोर्ट कोणी कधी वापरायचं हेही ते ठरवायचे असा किस्सा आहे (त्यांनी नाकारलं होतं ते, पण किस्सा चिकटला). फायली रात्री बसून समासात शेरे मारत वाचायच्या. आणि खासदारांना फोन करून गोडीगुलाबीने बोलायचं, आज तुझा पूल मंजूर करतो उद्या माझं बिल बघ, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. स्वतःच्या पक्षाच्या खासदारांचे धरणांचे प्रकल्प पैशाची उधळपट्टी म्हणून कापायला निघाले, आल्या आल्या पहिल्याच वर्षी. आपल्याकडे एखाद्या मुख्यमंत्र्याने स्वतःच्याच आमदारांच्या तालुक्यातली धरणं कापली तर काय होईल विचार करा.

फेब्रुवारी 1977 मधे स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि देशाला सांगितलं की घरातली हीटिंग कमी ठेवा, दिवसा 65 अंश, रात्री 55, फॅरनहाइटमधे. जून 1979 ला व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवायचे 32 सोलर पॅनल बसवले. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष रेगन यांच्या काळात 1986 ला ते काढले गेले. जुलै 1979 ला आणखी एक भाषण, पेट्रोलपंपावर रांगा लागल्या होत्या, त्यात देशाला सांगितलं की आपण चैनीच्या आणि वस्तूंच्या नादी लागलोय, वस्तू जमवून आयुष्यातली पोकळी भरत नाही. गंमत म्हणजे भाषण लोकांना आधी आवडलं होतं, मान्यतेचे आकडे वर गेले, मग दोनच दिवसांत त्यांनी सगळ्या कॅबिनेटचे राजीनामे मागितले, लोकांना वाटलं सरकार कोसळतंय, आणि सगळी हवा गेली.

मला यात काय दिसतं सांगू? हा पीएचसीचा डॉक्टर आहे. पाणी गाळून प्या, उकळून प्या, बारवेत पाय घालू नका. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे, आणि लोक कंटाळतात. आम्ही गावात गेलो की बायका म्हणायच्या, आला गाळणीवाला. पण आम्हाला दर पाच वर्षांनी त्या बायकांकडून मतं मागायची नव्हती. कार्टरांना मागायची होती.

महागाईचंही तसंच. 1980 ला ती साडेतेरा टक्क्यांवर होती. कार्टरांनी 1979 ला पॉल व्होल्कर यांना फेडवर (तिकडची रिझर्व्ह बँक) नेमलं, माहीत होतं की हा माणूस व्याजदर आकाशाला नेणार, मंदी येणार आणि तीही निवडणुकीच्या वर्षात. नेमलं तरी. औषध लागू पडलं, पण गुण आला तोवर खुर्चीवर दुसरा होता.

आणि कॅम्प डेव्हिड. सप्टेंबर 1978, इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात यांना तिथल्या डोंगरातल्या बंगल्यांत 13 दिवस ठेवलं. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते, म्हणून कार्टर या बंगल्यातून त्या बंगल्यात कागद घेऊन हेलपाटे घालत होते, मसुद्याच्या 23 आवृत्त्या झाल्या. शेवटच्या दिवशी बेगिन निघून चालले होते. त्यांनी नातवंडांसाठी तिघांच्या फोटोवर सह्या मागितल्या होत्या, कार्टरांनी सेक्रेटरीकडून एकेका नातवाचं नाव मिळवलं, प्रत्येक फोटोवर ते नाव लिहिलं आणि स्वतः नेऊन दिले. बेगिन नावं वाचता वाचता हलले, बोलणी पुन्हा सुरू झाली. इजिप्त आणि इस्रायलमधला तह मार्च 1979 ला झाला, तो आजवर मोडलेला नाही. पॅलेस्टिनी लोकांच्या पदरात मात्र त्यातून काही पडलं नाही, हेही इथेच लिहून ठेवलं पाहिजे. पण घरोघर जाऊन, नाव घेऊन, एकेकाला पटवायचं, ही आमच्या आरोग्यसेविकेची पद्धत आहे हो. देशाला टीव्हीवरून उपदेश करताना ते पडायचे आणि एका माणसासमोर बसून तेच बोलताना जिंकायचे.

इराणबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतले 52 ओलीस, 444 दिवस, एप्रिल 1980 ची वाळवंटातली फसलेली सुटका मोहीम आणि त्यात मेलेले आठ जवान, आणि रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांतच ओलिसांची विमानं उडाली. निवडणूक 489 विरुद्ध 49 अशी हरले, सहा राज्यं आणि राजधानी एवढंच हातात राहिलं. ओलीस सगळे जिवंत परत आले याचं समाधान ते शेवटपर्यंत सांगायचे.

पण भक्तिभावाने लिहायला बसलो नाहीये, तेव्हा दुसरी बाजूही. मानवाधिकार हा शब्द त्यांनी परराष्ट्र धोरणात आणला आणि लॅटिन अमेरिकेतल्या लष्करशहांना त्याचा त्रास झाला हे खरं. पण 31 डिसेंबर 1977 ला तेहरानमधे शहाच्या मेजवानीत इराण म्हणजे स्थैर्याचं बेट असं बोलून आले, तेव्हा त्याचे तुरुंग कसे होते हे त्यांना माहीत नव्हतं असं मी तरी मानणार नाही. बेट वर्षभरात बुडालं. पूर्व तिमोरमधे इंडोनेशियाचं सैन्य माणसं मारत असताना अमेरिकेची शस्त्रं जात राहिली. मे 1980 ला दक्षिण कोरियात ग्वांगजूमधे लोकांवर गोळीबार झाला तेव्हा कार्टर सरकार सेनापतींच्याच बाजूने राहिलं. आणि माजी झाल्यावरही सगळं गोड नव्हतं, 1990 ला आखाती युद्धाआधी त्यांनी सुरक्षा परिषदेतल्या देशांना परस्पर पत्रं पाठवली की युद्धाच्या ठरावाला पाठिंबा देऊ नका, आपल्याच देशाच्या अध्यक्षाच्या पाठीमागून. तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांची माणसं चिडली यात नवल काय. मीच बरोबर, मग नियम बाजूला, ही खोड तीच. नारूच्या कामात तिला आपण जिद्द म्हणतो.

भारताशी त्यांचं जे काही होतं त्यात आपल्या महाराष्ट्राचा भाग मोठा आहे आणि तो मराठीत कोणी फारसा लिहीत नाही. त्यांची आई लिलियन, नर्स, विधवा, वयाच्या 68 व्या वर्षी 1966 ला पीस कोअरमधे (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारची योजना) नाव घालून भारतात आली आणि विक्रोळीला गोदरेज कॉलनीत राहून दवाखान्यात काम केलं, जवळजवळ दोन वर्षं. कुष्ठरोग्यांना हात लावायची सुरुवातीला तिला भीती वाटायची, मग गेली. मुलगा तेव्हा जॉर्जियात राज्याच्या राजकारणात धडपडत होता. जानेवारी 1978 ला तो अध्यक्ष म्हणून दिल्लीला आला, गुडगावजवळच्या दौलतपूर नसीराबाद गावाला भेट दिली आणि गावाने नाव बदलून कार्टरपुरी केलं. पेपरात कधी कधी छापून येतं की आई त्याच गावात काम करायची, तिचं पोस्टिंग मात्र विक्रोळीचं.

त्याच दौऱ्यात तारापूरचं प्रकरण झालं. तारापूरच्या भट्ट्यांना अमेरिकेकडून युरेनियम यायचं, 1963 च्या करारानुसार, आणि 1974 च्या पोखरणनंतर अमेरिका अडून बसली होती. मोरारजीभाई काही केल्या सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी करू द्यायला तयार होईनात. कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्याला म्हणाले की घरी गेल्यावर यांना थंड आणि रोखठोक पत्र लिहू, आणि माइक चालू होता. पत्रकारांनी ऐकलं. मोरारजींनी काही न घडल्यासारखं केलं. शेवटी 1980 मधे कार्टरांनीच इंधन पाठवायला परवानगी दिली आणि स्वतःच्या संसदेशी त्यासाठी भांडले. त्यांच्यानंतर अमेरिकेचा अध्यक्ष भारतात यायला 2000 साल उजाडलं, म्हणजे 22 वर्षं कोणी फिरकलंच नाही.

आणि 2006 ला ते मावळात आले. लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीजवळ पाटणला, गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट संस्थेच्या कामासाठी, बायको रोझलिन बरोबर, वय 82. आठवडाभरात 100 घरं उभी करायची होती. सिनेमावाले आले म्हणून तिकडे गर्दी झाली होती. आमचे एक मित्र तिथे वैद्यकीय पथकात होते, ते सांगतात की म्हातारा सकाळी सगळ्यांच्या आधी साइटवर, विटा लावताना कोणी बोलायला आलं तर नाराज व्हायचा, आणि फोटो हवा असेल तर आधी काम करा म्हणायचा. पुन्हा तेच, बोल्ट मोजणारा.

अंत्यविधीला, 9 जानेवारीला वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमधे, एक गोष्ट झाली ती मला लागली. 1976 ला ज्यांना त्यांनी हरवलं ते जेराल्ड फोर्ड नंतर जवळचे मित्र झाले होते, दोघांनी ठरवलं होतं की जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीत बोलायचं. फोर्ड 2006 लाच गेले, कार्टर बोलले. पण फोर्ड यांनी कार्टरांसाठीचं भाषण लिहून ठेवलं होतं, ते त्यांच्या मुलाने वाचलं. कार्टरांचे उपाध्यक्ष मॉन्डेल यांचंही तसंच, तेही 2021 ला गेलेले, त्यांचं भाषणही मुलाने वाचलं. त्यात त्यांचं जुनं वाक्य होतं, आम्ही खरं बोललो, कायदा पाळला आणि शांतता राखली. चार वर्षांच्या कारभाराबद्दल एवढं म्हणता येणं थोडं नाही, तिमोर आणि ग्वांगजू लक्षात ठेवूनही मी म्हणेन.

तर फेल होते का? मतं मिळवण्यात, पक्ष सांभाळण्यात, तेहरान ओळखण्यात, हो. पण व्होल्कर, इजिप्तचा तह, पनामा कालवा परत देणं, अलास्कातलं प्रचंड जंगल राखीव करणं, हे सगळं असं आहे की ज्याचं बिल त्यांनी भरलं आणि जेवण दुसऱ्यांनी केलं. आमच्या खात्यात याची सवय असते, न झालेल्या रोगाचे आभार मानायला कोणी पीएचसीत येत नाही.

परवाच काय झालं, माझ्या जुन्या तालुक्यातून बारव वाचवणाऱ्या तरुण पोरांचा फोन आला. चांगलं काम करतात, गाळ काढतात, दिवे लावतात. म्हणाले सर तुम्ही इथे नोकरीला होता ना, आमच्या गावची बारव एवढी सुंदर आहे पण खालच्या पायऱ्यांवर कोणीतरी सिमेंटची भिंत घालून वाट बंद केलीय, कोणा अडाण्याने केलं असेल? मी म्हटलं, बाबांनो तो अडाणी मीच, 1986 ला, आणि गवंडी मिळेना म्हणून चार पाट्या माल मी स्वतः वाहिलाय. मग नारू म्हणजे काय ते सांगायला अर्धा तास गेला. शेवटी एकाने विचारलं, मग सर आता ती भिंत काढली तर चालेल का. मी म्हटलं, काढा.